आकृतीमागची कृती

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्ग-अभ्यासक १८५४ ते १८५६ या काळात बोर्निओतल्या सारावाकमध्ये कीटक गोळा करीत होता. पावसामुळे बाहेर पडणे अशक्य झालेल्या एका दिवशी तिथल्या दायाक लोकांच्या घरात बसल्याबसल्या त्याला वाटले, इथल्या मुलांची करमणूक करावी. म्हणून त्याने दोरा हातावर चढवला आणि आपल्या देशातला खेळ दाखवायला सुरुवात केली. मुलांना नवल वाटेल हा त्याचा अंदाज सपशेल चुकला. त्यांना तो खेळ येत होताच. शिवाय त्याचे ज्ञान जिथे संपले तिथून पुढे, त्याच्या हातावरचा दोरा आपल्या हातावर घेत त्यांनी आणखी कितीतरी आकृत्या केल्या आणि पाहुण्यालाच गोंधळात टाकले. १८६९ साली निघालेल्या ‘द मलाय आर्किपेलागो’ या ग्रंथात वॉलेसने हा प्रसंग प्रांजळपणे सांगितला आहे. पण फुलपाखराच्या पंखावरचा ठिपका न ठिपका टिपणारा हा माणूस त्या आकृत्या कशा केल्या, कोणते बोट कोणत्या धाग्याखालून गेले, याबद्दल काही सांगत नाही. सांगायचे तर कोणत्या शब्दांत, हा प्रश्नच तेव्हा कुणी सोडवलेला नव्हता.

दोऱ्याच्या आकृत्या या विषयाची खरी अडचण हीच आहे, आणि त्याची खरी गंमतही हीच. सामग्री म्हणाल तर दीड-दोन मीटरचा एक दोरा, टोके जोडून केलेले कडे. आर्क्टिकमधल्या इन्युइटांनी त्यासाठी प्राण्यांच्या कंडरांचा धागा किंवा सीलच्या कातड्याची वादी वापरली, पॅसिफिक बेटांवर झाडांच्या तंतूंचा पीळ आला, आपल्या हाती सुती दोरा असतो. बोटांवर हा दोरा चढवायचा, उचलायचा, सोडायचा, पुन्हा उचलायचा. शेवटी हात ताणले की दोन तळव्यांच्या मध्ये जाळे, चांदणी, मासा, झोपडी असे काहीतरी उभे राहते. हात सैल केले की सगळे नाहीसे होते. मागे उरते ते फक्त कडे, जसे होते तसेच. पाहणाऱ्याला आकृती दिसते, पण एकाकडून दुसऱ्याकडे जाते ती कृती. मराठीने हा फरक आधीच करून ठेवला आहे. स्वयंपाकाच्या पुस्तकात साहित्याखाली आपण ‘कृती’ लिहितो, आणि पुरणपोळीच्या फोटोवरून पुरणपोळी करता येत नाही हे सांगायला आपल्याला कुणी लागत नाही. हा खेळ पोरकट की गंभीर, तो एका ठिकाणी जन्मला की अनेक ठिकाणी, त्यात गणित आहे की नाही, हे या क्षेत्रातले सगळे जुने वाद आहेत. माझ्या मते ते अडकले ते आकृतीकडे पाहत बसल्यामुळे, आणि जिथे सुटले तिथे कृतीकडे वळल्यामुळे सुटले.

कृती लिहिण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआसचा. १८८८ साली त्याने इन्युइटांच्या आकृत्या करण्याची रीत छापली. त्याच वर्षी ए. सी. हॅडन हा प्राणिशास्त्रज्ञ ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधल्या टोरेस सामुद्रधुनीत प्रवाळांच्या अभ्यासासाठी गेला आणि प्रवाळांपेक्षा तिथल्या माणसांमध्ये रमला. १८९८मध्ये केंब्रिजची मोठी मोहीम घेऊन तो परतला तेव्हा सोबत डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स होता. बेटावरच्या लोकांकडून आकृत्या शिकताना दोघांना एकच त्रास झाला. शिकलेले संध्याकाळपर्यंत हातात असे, पण वहीत उतरत नसे. ‘उजवीकडचा धागा’ म्हणावे तर उजव्या हाताचा की उजव्या बाजूचा? ‘जवळचा धागा’ म्हणावे तर तळवे बाहेर वळवताच जवळचा तो लांबचा होतो. रिव्हर्स वैद्यक शिकलेला होता. त्याने शरीरशास्त्राचा आधार घेतला : कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात, एक अंगठ्याच्या बाजूला आणि एक करंगळीच्या, प्रत्येक धाग्याला या दोहोंपैकी एकाची बाजू द्यायची. हात कसाही फिरवला तरी अंगठा काही करंगळीच्या जागी जात नाही. १९०२ साली दोघांनी ही पद्धत ‘मॅन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि तीच थोड्याफार फरकाने आजही चालते.

पद्धतीची ताकद एका उदाहरणावरून कळेल. जगातल्या असंख्य आकृत्यांची सुरुवात एकाच मांडणीने होते. हॅडन-रिव्हर्सने तिला ‘ओपनिंग ए’ असे रूक्ष नाव दिले. दोरा दोन्ही हातांच्या अंगठ्यामागून आणि करंगळीमागून असा घ्यायचा की प्रत्येक तळव्यावर एक धागा आडवा येईल. आता उजव्या तर्जनीने डाव्या तळव्यावरचा धागा खालून उचलायचा आणि हात दूर न्यायचे. मग डाव्या तर्जनीने उजव्या तळव्यावरचा धागा तसाच उचलायचा. मात्र उजव्या तर्जनीवर आत्ताच आलेल्या वेढ्याच्या दोन धाग्यांमधून. हात ताणले की अंगठा, तर्जनी, करंगळी अशा प्रत्येक हाताच्या तीन बोटांवर तीन वेढे बसतात. इथे ‘खालून’ आणि ‘मधून’ हे दोन शब्द गाळले तरी समोर जे दिसेल ते पहिल्या नजरेला वेगळे वाटणार नाही, पण पुढच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर सगळा डाव विसकटेल. त्या दोन हाडांच्या नावांवरून आलेली रेडियल-अल्नर वगैरे परिभाषा प्रस्तुत पुस्तकात आणलेली नाही. अंगठ्याकडचा धागा, करंगळीकडचा धागा, तळव्याकडून, पालथ्या बाजूने, एवढ्यावर काम भागते. आणि अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी ही नावे तर घराघरात आहेत. एका क्रियेपुरता मात्र शब्द शोधावा लागला. एकाच बोटावर दोन वेढे असताना खालचा वेढा वरच्यावरून उचलून बोटाबाहेर टाकायचा, ही चाल अमेरिकेतल्या नाव्हाहो आदिवासींच्या आकृत्यांत वारंवार येते म्हणून इंग्रजी पुस्तकांत तिला ‘नाव्हाहो करणे’ असेच म्हणू लागले. एका जमातीच्या नावाचे असे क्रियापद झाले. इथे ‘खालचा वेढा ओलांडून टाकणे’ असा साधा पर्याय घेतला आहे.

पद्धत हाती आली आणि संग्रहांचा पूर आला. फिलाडेल्फियाच्या कॅरोलाइन फर्नेस जेन हिने १९०६ साली शंभराहून अधिक आकृत्यांचे सचित्र पुस्तक काढले, तेही प्रत्येक पायरीच्या रेखाचित्रांसह. १९०४च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात निरनिराळ्या देशांतली माणसे ‘नमुने’ म्हणून आणली होती. जेनबाईंनी त्यांच्यातल्या अनेकांकडून आकृत्या शिकून घेतल्या. प्रदर्शनाचा हेतू आज वाचताना अंगावर येतो, पण ज्यांना बघायला लोक तिकीट काढत होते त्यांच्यासमोर ही बाई विद्यार्थिनी म्हणून बसली, हेही नोंदवायला हवे. तिच्या पुस्तकाला प्रस्तावना हॅडनची आहे. पुढे त्याची मुलगी कॅथलीन हॅडन हिने १९११मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. डायमंड जेनेसने १९१३ ते १९१८च्या कॅनेडियन मोहिमेत जमवलेल्या इन्युइट आकृत्या १९२४ साली छापल्या. माओरींवर योहानेस अँडरसन, हवाईवर लाइल डिकी, आणि नंतर पॅसिफिक बेटांवर आयुष्य वेचणारी ऑनर मॉड, अशी ही परंपरा आहे. १९७८ साली टोकियोत गणिती हिरोशी नोगुची आणि न्यू गिनीत काम केलेले मिशनरी फिलिप नोबल यांनी या विषयाला वाहिलेली संस्थाही काढली, आणि ती पुढे आंतरराष्ट्रीय झाली.

या संग्रहांतला एक मला फार बोलका वाटतो. १९४८मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, आर्नहेम लँडमधल्या यिर्काला इथे फ्रेडरिक मॅकार्थीने दोऱ्याच्या आकृत्या थेट पुठ्ठ्यावर चढवल्या. सिडनीच्या ऑस्ट्रेलियन म्युझियममध्ये अशा १९३ आकृत्या आहेत; त्यांतल्या बहुतेक ङारावू मुनुंगुर या योल्ङू तरुणीने केलेल्या. पुठ्ठ्यावर चिकटवलेली आकृती म्हणजे टाचणीने टोचलेले फुलपाखरू. ती बघता येते, मोजता येते. पण हलवता येत नाही आणि तिच्यावरून उलटे जाऊन सुरुवात गाठणे फार अवघड असते. मॅकार्थीने कृतीही टिपल्या आणि त्या १९६०मध्ये छापल्या, म्हणून त्या पुठ्ठ्यांना आज अर्थ आहे. पुस्तकावर नाव त्याचे, बोटे तिची, हा हिशेब या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येक संग्रहाला लागू पडतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नेहमीचा : हा पोराबाळांचा वेळ घालवण्याचा उद्योग, त्याचे एवढे काय? पुरावा मात्र निराळे सांगतो. नाव्हाहोंच्या समजुतीप्रमाणे ही विद्या कोळ्यांकडून आली, आणि कोळी दिसेनासे होतात त्या हिवाळ्यातच ती करायची. उन्हाळ्यात दोरा हाती घेणे निषिद्ध. इन्युइटांमध्ये शरदात दक्षिणेकडे कलू लागलेल्या सूर्याला दोऱ्याच्या जाळ्यात अडकवून थोपवून धरता येते असा समज बोआसने नोंदवला आहे, आणि लहान मुलग्यांनी हा खेळ खेळू नये असाही. पुढे मोठेपणी भाल्याच्या दोरीत बोटे अडकतील म्हणून. किरिबातीत या आकृत्यांचा संबंध मेल्यानंतरच्या आत्म्याच्या वाटचालीशी जोडलेला होता. ईस्टर बेटावर ‘काइकाइ’ नुसती करून चालत नाही, तिच्याबरोबर ठरलेले पद म्हणावे लागते, आणि हात व तोंड एकमेकांना आठवण करून देतात. नाउरूत तर मोठी माणसे स्पर्धा लावीत.

पण या पुराव्याचा अतिरेकही होतो. जिथे तिथे विधी आणि देवदैवत शोधले की खेळाला प्रतिष्ठा मिळाली असे मानणारे अभ्यासक खेळाचाच अपमान करतात. टोरेस सामुद्रधुनीतल्या मरे बेटावरची एक आकृती घ्या. शेवटी धाग्याच्या दोन गुंतवळी समोरासमोर येतात. हात हलके हलके ओढले की त्या एकमेकींकडे सरकतात, भिडतात, एक सुटून पडते आणि दुसरी घराकडे निघते. हे दोन शिरकापे योद्धे, आणि जिंकलेला हरलेल्याचे डोके घेऊन परत चालला आहे. ही निव्वळ मजा आहे, त्यात मंत्र नाही की तंत्र नाही. पण ती घडवायला कुठला धागा सुटता ठेवायचा आणि कुठला अडकता, हे ज्याला सुचले त्याची बुद्धी साधी नव्हती. हे पुठ्ठ्यावर चिकटवता येणार नाही, एवढेही पुरे.

दुसरा वाद उगमाचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या आरंभी संस्कृती एका केंद्रातून पसरल्या असे मानणारा एक प्रबळ पंथ होता. स्वतः रिव्हर्स पुढे त्याच्याकडे झुकला. दोन खंडांवर एक आकृती सापडली की लोकांचे स्थलांतर सिद्ध झाले, असे म्हणणे म्हणजे अक्षरशः सुतावरून स्वर्ग गाठणे. उलट पंथाचे म्हणणे असे की माणसाला बोटे दहाच, दोरा एकच, तेव्हा त्याच त्या आकृत्या पुन्हा पुन्हा सुचणारच. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य हेराक्लास याने हाडे बसवण्यासाठी दोरीच्या फासांची वर्णने लिहिली. चौथ्या शतकात ओरिबासिअसने ती आपल्या संग्रहात घेतली म्हणून उरली. त्यातला मोडलेल्या जबड्यासाठीचा चार वेढ्यांचा फास ही लेखी उपलब्ध असलेली सर्वांत जुनी दोऱ्याची आकृती मानतात, आणि तीच ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींकडेही आढळते, ढगांनी झाकलेला सूर्य म्हणून. ग्रीक वैद्य आणि ऑस्ट्रेलियन आदिवासी यांची गाठ पडली असे कोणी म्हणणार नाही. आकृती सोपी आहे, दोघांना स्वतंत्रपणे सुचली असेल. पण जेनबाईंना ओसेज जमातीच्या एका माणसाने शिकवलेले चार चौकटींचे जाळे पाहा. आठ-दहा पायऱ्या, मधे खालचा वेढा ओलांडून टाकण्याची चाल, आणि शेवटी बोटे नेमक्या त्रिकोणात घालून तळवे बाहेर वळवायचे. हेच जपानात ‘चार पायऱ्यांची शिडी’ म्हणून मुले करतात. इतकी लांब कृती पायरीपायरीने जुळत असेल तर योगायोगाची बाजू लंगडी पडते, आणि रीत वेगळी पण शेवट सारखा असेल तर ती बळकट होते. निकाल आकृतीवर लागत नाही, रीतीवर लागतो.

म्हणूनच अलीकडच्या एका मोठ्या अभ्यासाबद्दल माझे मत थोडे सावध आहे. गाठशास्त्राच्या, म्हणजे गाठींच्या गणिताच्या, आधारे ९२ समाजांतल्या ८२६ आकृत्या तपासून त्यात ८३ रचना पुन्हा पुन्हा येतात असे त्याने दाखवले. काही जगभर, काही एखाद्याच प्रदेशात. अटकळींच्या जागी मोजदाद आली ही मोठी गोष्ट. मात्र त्याची तुलना तयार आकृतीतल्या धाग्यांच्या छेदांवर उभी आहे. नावांवर विसंबणे तर त्याहून धोक्याचे. दोघांनी आळीपाळीने खेळायचा, एकाच्या हातावरून दुसऱ्याने घ्यायचा जो प्रकार वॉलेसने दाखवला, तो युरोपापासून कोरिया-जपानपर्यंत जवळजवळ त्याच क्रमाने चालतो. इंग्रज मुले त्याच्या पहिल्या पायरीला पाळणा म्हणतात. कोरियात तिचे नाव तिरडीवरचे आच्छादन. तिसरी पायरी इंग्लंडात मेणबत्त्या, कोरियात जेवणाच्या काड्या. पाळणा आणि तिरडी यांच्यावरून मूळ अर्थ शोधू पाहणाऱ्याच्या हाती काय लागेल?

गणिताच्या बाबतीतही आकृतीने बरीच वर्षे फसवले. गाठशास्त्राच्या दृष्टीने कोणतीही दोऱ्याची आकृती म्हणजे गाठच नव्हे. दोरा कापलेला नाही, तेव्हा बोटांवरून काढला की तो पुन्हा साधे कडे. मग गणित आहे कुठे? ते बोटांच्या चालींच्या क्रमात आहे. १९८८ साली मिशिगन विद्यापीठातले गणिती टॉमस स्टोरर यांनी या चालींसाठी चिन्हांची भाषा रचली, आणि २०१५ साली एरिक व्हांदेन्द्रीश यांनी ट्रोब्रिअंड बेटे व पॅराग्वेतला चाको प्रदेश इथल्या आकृत्यांवर पुस्तक लिहिताना दाखवले की करणारे लोक थोड्याच मूळ चालींपासून उपक्रिया रचतात, त्या एका आकृतीतून दुसरीत नेतात, एक चाल बदलून काय होते ते मुद्दाम करून पाहतात. यावर कोणी म्हणेल, ही तुमची चष्म्यातली गणिते, त्या बेटावरच्या आजीने कधी गणित केले नाही. शब्द तिचा नाही हे खरे. पण एक पायरी बदलली तर शेवटी काय निघेल हे हात न लावता सांगणारी व्यक्ती जे करते, त्याला दुसरे काय म्हणायचे हे आक्षेप घेणाऱ्यानेच सांगावे.

भारताकडे या क्षेत्राने लक्ष दिले ते उशिरा आणि तुटपुंजे. मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे संचालक राहिलेले जेम्स हॉर्नेल, होड्यांचे मोठे जाणकार, यांनी १९३२ साली गुजरात आणि काठेवाडातल्या आकृत्या प्रसिद्ध केल्या. आपल्या शेजारचा म्हणून मराठी वाचकाने तो संग्रह आवर्जून पाहावा. मात्र कृतीतून आकृती आणि तिच्यातून परत मोकळा दोर, ही कल्पना समजायला आपल्याला दूर जावे लागत नाही. गोव्यात शिमग्याला आणि इकडे टिपऱ्यांसोबत जो गोफ विणतात तो आठवा. वरून लोंबणाऱ्या दोऱ्या हाती घेऊन नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात, वेणी तयार होते, आणि मग तेच पदन्यास उलट्या क्रमाने टाकत ती उलगडतात. एकाचे पाऊल चुकले तर गुंता सगळ्यांचा. गोफाचा फोटो काढून गोफ शिकता येत नाही.

या पुस्तकाचा बेत यातूनच ठरला आहे. आकृत्यांची निवड देशांच्या यादीप्रमाणे केलेली नाही, कृतीच्या नात्याप्रमाणे केली आहे : एकाच सुरुवातीतून फुटणाऱ्या शेजारी शेजारी, हलणाऱ्या एकत्र, दोघांच्या वेगळ्या. प्रत्येकीसोबत ती कुठे आणि कोणाकडून नोंदली गेली एवढे सांगितले आहे. अर्थ सांगण्याचा मोह जिथे पुरावा नाही तिथे आवरला आहे. चित्रे आहेत, पण मजकुराच्या मदतीला. आता प्रश्न येईल, व्हिडिओच्या काळात शब्दांचा हा खटाटोप कशाला? व्हिडिओ जरूर पाहावा. पण समोरून घेतलेल्या चित्रात डावे-उजवे उलटे दिसते, वेगात ‘वरून’ आणि ‘खालून’ यातला फरक निसटतो, आणि मुख्य म्हणजे बघणारा नक्कल करतो, चालीला नाव देत नाही. नाव दिले की ती चाल दुसऱ्या आकृतीत ओळखू येते, आणि तिथून स्वतःची आकृती रचायला सुरुवात होते.

दोरा सुती घ्यावा, नायलॉनचा बोटांवरून घसरतो. दोन्ही हात पसरून जेवढे अंतर होते साधारण तेवढा, आणि टोकांची गाठ जमेल तेवढी बारीक. जाड गाठ नेमकी नको तिथे अडकते. एक अडचण मात्र कोणत्याही पुस्तकाला टाळता आलेली नाही. दोन्ही हात दोऱ्यात गुंतले की पान उलटता येत नाही. म्हणून इथल्या कृती मोठ्याने वाचता येतील अशा लिहिल्या आहेत, छोट्या वाक्यांत, एका वाक्यात एकच चाल. एकाने वाचायचे, दुसऱ्याने करायचे, आणि वाचणाऱ्याने पुढचे वाक्य उच्चारण्याआधी समोरच्याच्या बोटांकडे पाहायचे.